पंचेचाळीस दिवस न्यूझीलंड: नागपूरच्या एका जोडप्याच्या तयारीचा प्रकरण अभ्यास

नवरा ६४ वर्षांचे, रेल्वेतून निवृत्त. बायको ६१ वर्षांच्या, बँकेतून निवृत्त. घर प्रतापनगरात, मुलगी पुण्यात. नवऱ्याला मधुमेह आणि रक्तदाब, रात्री दहाला इन्सुलिनचा एक डोस. त्यांच्या पत्नीला थायरॉईडची गोळी आणि झोपेसाठी क्लोनाझेपाम. याआधीचा परदेश प्रवास एकच, टूरवाल्याबरोबर आठ दिवस सिंगापूर-मलेशिया. आता ठरलं होतं ते १४ नोव्हेंबर ते २८ डिसेंबर २०२५, न्यूझीलंड, दोघंच, स्वतः गाडी चालवत.

आठ दिवसांच्या सहलीत जे बिघडतं ते परत येईपर्यंत पुढे ढकलता येतं. बिल राहिलं, गोळ्या संपत आल्या, दात दुखला, तर आठवड्याने बघू म्हणता येतं. पंचेचाळीस दिवसांत ही सोय उरत नाही. मोबाइलचं रिचार्ज मध्येच संपतं, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याची मुदत मध्येच येते, औषधांवरची परदेशातली मर्यादा मध्येच ओलांडली जाते. या प्रकरणातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी मुक्कामाच्या लांबीतून आल्या आणि त्यातल्या बहुतेक नागपुरातच सोडवाव्या लागल्या.

महिना आणि मार्ग

न्यूझीलंड दक्षिण गोलार्धात असल्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबर तिथला उन्हाळ्याचा आरंभ. खरी गर्दी नाताळच्या सुट्टीत सुरू होते आणि जानेवारीभर टिकते. नोव्हेंबरच्या मध्याला निघालं तर पहिले पाच आठवडे मोकळे मिळतात, टेकापो तलावाकाठी ल्युपिनची फुलं भरात असतात आणि नागपुरातही घर बंद ठेवायला हा काळ बरा. पाऊस संपलेला, उन्हाळा लांब.

विमानाचे तीन पर्याय समोर होते. पहिला, नागपूर-दिल्ली वेगळं तिकीट आणि पुढे सिंगापूरमार्गे ऑकलंड. दुसरा, ऑस्ट्रेलियामार्गे, जो शोधताना सगळ्यात स्वस्त दिसत होता. तिसरा, नागपूरहून दोहा आणि दोह्याहून थेट ऑकलंड, एकाच तिकिटावर.

ऑस्ट्रेलियामार्गे जाताना भारतीय पासपोर्टधारकाला नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. त्याला शुल्क नाही, पण तो स्वतंत्र अर्ज आहे आणि तिकिटं विकणारी संकेतस्थळं हे ठळकपणे सांगत नाहीत. दिल्लीच्या पर्यायात अडचण परतीची होती. डिसेंबरअखेरीस दिल्लीत धुकं. वेगळ्या तिकिटावरचं नागपूरचं विमान चुकलं तर विमान कंपनीची काहीही जबाबदारी नसते. शिवाय परदेशातून आल्यावर भारतातल्या पहिल्या विमानतळावर सामान ताब्यात घेऊन कस्टममधून काढावं लागतं आणि पुन्हा जमा करावं लागतं. चार बॅगा आणि सतरा तासांच्या प्रवासाचा शीण घेऊन साठीतल्या माणसांनी हे करू नये.

म्हणून दोहा. आधी चार-साडेचार तास पश्चिमेला जायचं आणि मग पूर्वेला वळून सोळा-सतरा तास बसायचं, हे नकाशावर उलटं दिसतं. पण सामान नागपुरात दिलं की ऑकलंडलाच मिळतं, आणि परतीचं कस्टम सोनेगावलाच, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर होतं. दोघांसाठी हा निर्णय योग्य होता.

तिकिटावरच्या नावाचं एक. आपल्याकडे बाईच्या पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं असतं, पॅनकार्डावर कधी नसतं, बँकेत आद्याक्षर असतं. तिकीट पासपोर्टप्रमाणेच काढायचं, मधल्या नावासकट. पासपोर्टची मुदत न्यूझीलंड सोडण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने शिल्लक हवी.

व्हिसा: कुठे अडकला

भारतीयांना न्यूझीलंडसाठी आधी व्हिजिटर व्हिसा घ्यावा लागतो. अर्ज ऑनलाइन, नवरा-बायकोला एकाच अर्जात येता येतं. व्हिसाच्या शुल्काखेरीज माणशी १०० न्यूझीलंड डॉलर पर्यटक शुल्क द्यावं लागतं. ते १ ऑक्टोबर २०२४ पर्यंत ३५ होतं. सहा महिन्यांहून कमी राहायचं असल्यामुळे छातीचा एक्स-रे लागला नाही. पैसे भरलेलं विमानाचं तिकीटही अर्जाला लागत नाही. आधी व्हिसा, मग तिकीट हाच क्रम ठेवावा.

पैशाची अट स्पष्ट आहे: माणशी दरमहा १,००० न्यूझीलंड डॉलर, आणि राहण्याचे पैसे आधीच भरलेले असतील तर ४००. दोघांचे दोन महिने धरले तरी ४,००० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे दोन लाख रुपये. प्रत्यक्ष खर्च याच्या कितीतरी पुढे जातो, पण कागदावरची अट एवढीच.

तरीही अर्ज अडकला, दोन कारणांनी.

अर्ज करण्याच्या आठवडाभर आधी त्यांनी सहा लाखांची मुदत ठेव मोडून बचत खात्यात टाकली होती. खात्यात भरपूर रक्कम दिसावी हा हेतू. तपासणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र दिसलं ते असं: सहा महिने जेमतेम पेन्शन जमा होणाऱ्या खात्यात एकदम सहा लाख आले. कुणी उसने दिले का? कुठून आले, असा प्रश्न आला आणि उत्तर द्यायला आठ दिवसांची धावपळ झाली. ठेव मोडायचीच नव्हती. ठेवीची पावती आणि बँकेचं पत्र जोडलं असतं तर तेच पैसे जास्त विश्वासार्ह दिसले असते, व्याजही बुडालं नसतं.

दुसरं कारण कागदांच्या भाषेचं. भारतात परत येण्याचं कारण दाखवायला त्यांनी काटोलजवळच्या शेतीचा सातबारा आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडला, दोन्ही मराठीत. १७ जून २०२४ पासून इंग्रजीत नसलेल्या कागदांसोबत प्रमाणित भाषांतर लागतं. ते अर्जदाराने किंवा नातेवाइकाने केलेलं चालत नाही. मुलीने करून दिलेलं सुरेख भाषांतर म्हणूनच निरुपयोगी ठरलं. जो कागद मराठीत आहे तो खरंच लागतो का हे आधी ठरवावं. पेन्शनचा आदेश, आयकर विवरणपत्रं, मुदत ठेवी आणि मुलीच्या नोकरीचं पत्र हे सगळं इंग्रजीत होतं आणि पुरेसं होतं. सातबाऱ्याने मजबुती आली नाही, काम वाढलं.

औषधं: सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा

न्यूझीलंडमध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं स्वतःसाठी तीन महिन्यांपुरती नेता येतात. मूळ वेष्टनात, चिठ्ठी किंवा डॉक्टरांच्या पत्रासह, आणि आगमनाच्या घोषणेत नोंदवून. नियंत्रित औषधांची मर्यादा मात्र एक महिना. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम ही आपल्याकडे घराघरांत सापडणारी झोपेची औषधं त्या दुसऱ्या यादीत येतात. कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही त्यात.

पत्नीच्या चिठ्ठीवर क्लोनाझेपाम रोज एक, म्हणजे पंचेचाळीस दिवसांच्या पंचेचाळीस गोळ्या. मर्यादेपेक्षा पंधरा जास्त. लपवून नेणं हा मार्ग नव्हता. अचानक बंद करणंही नाही, कारण या गोळ्या एकदम सोडल्या तर झोप पूर्ण उडते, घाबरायला होतं, काहींना त्याहून गंभीर त्रास होतो. त्यांनी सप्टेंबरमध्येच डॉक्टरांना विचारलं, हे फार बरं झालं. डॉक्टरांनी सात आठवड्यांत मात्रा पायरीपायरीने उतरवत अर्ध्या गोळीवर आणली. अर्ध्या मात्रेच्या हिशेबात पंचेचाळीस रात्रींना तेवीस गोळ्या लागल्या असत्या. मर्यादा मोजली जाते चिठ्ठीवरच्या रोजच्या मात्रेवर, त्यामुळे अर्धी गोळी रोज अशी नवी चिठ्ठी घेतली आणि तिच्या हिशेबाने एका महिन्याला बसतात तेवढ्या पंधराच गोळ्या सोबत ठेवल्या. त्या पुराव्यात म्हणून डॉक्टरांनी पंधरा रात्री रोज अर्धी आणि उरलेल्या तीस रात्री एकाआड एक रात्र अर्धी घेण्याचा तक्ता लिहून दिला. हाच निर्णय निघायच्या आदल्या आठवड्यात घ्यावा लागला असता तर शक्यच नव्हता.

गोळ्यांच्या पट्ट्यांचंही पाहावं लागतं. आपल्याकडे औषधवाले पट्टी कात्रीने कापून देतात, आणि नाव असलेला तुकडा नेमका दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जातो. नाव नसलेल्या सहा गोळ्या परदेशी विमानतळावर अनोळखी गोळ्या ठरतात. पूर्ण पट्ट्या, खोक्यासकट, बिलासकट घ्याव्यात. वारांच्या कप्प्यांची डबी रिकामी न्यावी आणि मुक्कामी पोचल्यावर भरावी. चिठ्ठीवर कंपनीच्या नावाशेजारी मूळ औषधाचं नाव आणि मात्रा हवी: मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन, लेव्होथायरॉक्सिन. आपल्या कंपन्यांची नावं तिथल्या फार्मसीत कुणाला कळत नाहीत.

इन्सुलिनचा हिशेब असा. डोस १६ युनिट, दर वेळी सुई तपासायला २ युनिट जातात, म्हणजे रोज १८. तीन मिलिच्या पेनमध्ये ३०० युनिट, म्हणजे एक पेन सोळा दिवस. पंचेचाळीस दिवसांना तीन पेन. सोबत घेतले सहा, तीन याच्या आणि तीन तिच्या हातबॅगेत, म्हणजे एक बॅग हरवली तरी काम चालतं. सुया शंभरचं एक खोकं. इन्सुलिन कधीही विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत ठेवू नये. तिथे ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन दिसायला ठीक वाटलं तरी टाकूनच द्यावं. हीच चूक मुक्कामी पोचल्यावर वेगळ्या रीतीने होते: मोटेलच्या छोट्या फ्रिजमध्ये मागच्या भिंतीला टेकलेली वस्तू गोठते. पेन दाराच्या कप्प्यात ठेवावं. वापरातलं पेन फ्रिजबाहेर साधारण चार आठवडे टिकतं, त्यामुळे ते खोलीत सावलीत ठेवलं. उन्हात उभ्या गाडीत मात्र दहा मिनिटंही नाही.

वेळेचा प्रश्न दोघांना सगळ्यात अवघड वाटत होता आणि तोच सगळ्यात सोपा निघाला. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये न्यूझीलंडची घड्याळं आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे असतात. नागपुरात रात्रीचे दहा म्हणजे तिथे पहाटेचे साडेपाच. डॉक्टरांनी वेळ सरकवलीच नाही. चोवीस तासांचं अंतर तसंच ठेवलं: इथे रात्री दहा, विमानात मनगटावरच्या नागपूरच्या घड्याळाने दहा, तिथे पहाटे साडेपाच. परत आल्यावर पुन्हा रात्री दहा. सगळ्यांच्या इन्सुलिनला हे लागू होईल असं नाही. जेवणाआधीच्या डोसांचं गणित वेगळं असतं आणि ते डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावं.

विमा

न्यूझीलंडची सरकारी अपघात योजना, तिथे तिला एसीसी म्हणतात, परदेशी पाहुण्यांनाही लागू आहे. पाय घसरून हाड मोडलं तर उपचाराच्या खर्चात ती मदत करते. आजारपणाला करत नाही. हृदयविकार, न्यूमोनिया, साखर कोसळणं, यातलं काहीही झालं तर बिल पाहुण्याचं. घरी परत आणण्याचा खर्चही ती देत नाही. त्यामुळे ‘तिथे सगळं फुकट असतं’ या ऐकीव माहितीवर कुणी जाऊ नये.

प्रवास विमा घेताना आधीपासूनचे आजार लिहायचेच. लिहिले नाहीत तर दावा तिथेच संपतो. लिहिले तरी अनेक पॉलिसी अशा आजारात फक्त जिवावर बेतलेल्या प्रसंगाला आणि ठरावीक रकमेपर्यंतच पैसे देतात, म्हणून ते पान वाचून, अधोरेखित करून मगच हप्ता भरावा. मुदत परतीच्या तारखेच्या पुढे दोन-तीन दिवस ठेवावी.

पैसा

२०२५-२६ या आर्थिक वर्षात परदेशी सहलीचं पॅकेज घेतलं तर पहिल्या रुपयापासून ५ टक्के आणि दहा लाखांच्या वर २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच आगाऊ घेतला जाणारा कर, कापला जात होता. स्वतः तिकीट काढून, फॉरेक्स कार्डावर पैसे भरून गेलं तर माणशी दहा लाखांपर्यंत काही नाही. ही कपात विवरणपत्र भरताना परत मिळवता येते, पण तोवर पैसे अडकतात. दोघांनी आपापल्या नावाने वेगळी कार्डं घेतली.

गाडी भाड्याने घेताना अनामतीसाठी चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड मागतात. फॉरेक्स कार्ड अनेक ठिकाणी चालत नाही. त्यांचं क्रेडिट कार्ड बायकोच्या खात्यावरचं पुरवणी कार्ड होतं. ते बदलून घ्यायला तीन आठवडे लागले. शिवाय भारतीय कार्डांवर परदेशातला वापर बँकेच्या ॲपमधून स्वतः चालू करावा लागतो. यूपीआयवर विसंबून जाऊ नये.

बँकेचा ओटीपी नागपूरच्या नंबरवर येतो, आणि इथे प्रत्यक्ष फटका बसला. इंटरनेटसाठी त्यांनी तिथलं सिम घेतलं, पण नागपूरच्या सिमचं रोमिंग चालूच केलं नव्हतं. ऑकलंडला पहिल्याच दिवशी हॉटेलचं बुकिंग ओटीपीअभावी अडलं. पत्नीच्या नंबरवर तर अठ्ठावीस दिवसांचं रिचार्ज होतं, ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपणार होतं. मुलीने पुण्याहून रिचार्ज मारून दिलं म्हणून निभावलं. निघण्याआधी चौऱ्याऐंशी दिवसांचं रिचार्ज आणि रोमिंग, दोन्ही करून ठेवावं.

हयातीचा दाखला

केंद्राच्या आणि बँकेच्या पेन्शनरांना नोव्हेंबरात जीवन प्रमाणपत्र द्यावं लागतं. १४ नोव्हेंबरला निघणाऱ्या माणसाला महिन्याचा पहिला पंधरवडाच हाती असतो. दोघांनी ३ नोव्हेंबरला घरूनच चेहरा ओळखीच्या ॲपवरून प्रमाणपत्र काढलं. इथे बहुतेक लोक थांबतात. पण प्रमाणपत्र तयार झालं म्हणजे बँकेने स्वीकारलं असं होत नाही. पीपीओच्या, म्हणजे पेन्शनच्या आदेशाच्या, क्रमांकात एक आकडा चुकला की ते नाकारलं जातं. पत्नीचं नाकारलं गेलं. ७ तारखेला स्थिती तपासली म्हणून कळलं, दुरुस्त करून पुन्हा पाठवलं आणि १० तारखेला मंजूर झालं. तपासलं नसतं तर पेन्शन थांबल्याचं परदेशात असतानाच कळलं असतं.

खाण्याचं सामान

पहिल्या यादीत नऊ किलो होतं. सावजी मसाला, कुरडया, सरगुंडे, घरचं लिंबाचं लोणचं, वाळवलेला कढीपत्ता, मेथीदाणे, संत्रा बर्फी, च्यवनप्राश, आणि शेतातली डझनभर संत्री.

न्यूझीलंड शेतीवर जगणारा देश आहे. बाहेरचा कीटक, बी किंवा जनावरांचा रोग आत येऊ नये म्हणून सीमेवरची तपासणी कडक असते. ताजी फळं, भाजी, पानं चालत नाहीत. मध आणि मधाचे पदार्थ चालत नाहीत, म्हणून च्यवनप्राश घरीच राहिला. खवा-दुधाच्या मिठाया नेऊच नयेत. उगवू शकणारं अख्खं बी नेहमी संशयास्पद. घोषणेत न लिहिलेली वस्तू बॅगेत सापडली तर जागेवर ४०० डॉलर दंड, चुकून राहिली असं सांगून सुटका नाही. लिहिलेली वस्तू मात्र तपासतात, आणि चालत नसेल तर काढून घेतात. दंड होत नाही. म्हणून शंका आली की लिहायचं.

यादी अडीच किलोवर आली: बंद पाकिटातले, इंग्रजी लेबलचे मसाले, पोहे, रवा, कुरडया. ऑकलंडच्या सँडरिंगहॅम भागात भारतीय किराणा भरपूर मिळतो, वेलिंग्टन आणि क्राइस्टचर्चमध्येही. नागपूरहून चार दिवसांपुरतं न्यावं, पुढचं तिथे भरावं. क्राइस्टचर्चच्या दक्षिणेला दुकानं विरळ होतात, म्हणून तिथून निघताना डाळ-तांदूळ-कणीक दोन आठवड्यांची घ्यावी. सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, तिथल्या कोणत्याही सुपरमार्केटात मिळते.

तरी मेथीदाणे आणि वाळवलेला कढीपत्ता बॅगेत राहून गेलेच. घोषणेत लिहिले होते, त्यामुळे अधिकाऱ्याने काढून घेतले आणि विषय संपला. आगमनाची ही घोषणा ऑनलाइन आणि मोफत असते, प्रवास सुरू होण्याच्या २४ तास आधीपासून भरता येते. तिच्यात गेल्या तीस दिवसांत शेतात किंवा जंगलात गेला होता का, हेही विचारतात. दिवाळीनंतर ते काटोलच्या संत्र्याच्या बागेत गेले होते, तेच बूट पायात. बूट आधी दात घासायच्या जुन्या ब्रशने तळव्याच्या खाचांतून धुऊन वाळवले होते. अधिकाऱ्याने उलटे करून पाहिले आणि परत दिले. विमानात मिळालेलं सफरचंद पर्समध्ये ठेवून उतरणं ही सगळ्यात सामान्य चूक. ते विमानातच खावं किंवा सोडावं.

गाडी आणि मुक्काम

पहिला आराखडा सतरा मुक्कामांचा होता, रोज सरासरी तीनशे किलोमीटर. यामागे समृद्धी महामार्गाचा अनुभव होता. नागपूर-मुंबई ७०१ किलोमीटर, ताशी १२० ची मर्यादा, आठ तासांत पोचतो, मग तीनशे म्हणजे काय! न्यूझीलंडचे राज्य महामार्ग बहुतेक ठिकाणी जायला एक आणि यायला एक मार्गिका असलेले आहेत. कमाल मर्यादा बहुतेक ठिकाणी १००, पण वळणं, चढ आणि घाटांमुळे प्रत्यक्ष सरासरी ६५-७० धरावी. तीनशे किलोमीटर म्हणजे थांबे धरून सहा तास, आणि तसं पंचेचाळीस दिवस कुणी करू नये. सतरा मुक्काम म्हणजे सतरा वेळा सामान बांधणं, हेही पहिल्या आठवड्यानंतरच जड होतं.

सुधारलेला आराखडा: ऑकलंड ४ रात्री, रोटोरुआ ५, वेलिंग्टन ४, कायकोरा ५, क्राइस्टचर्च ४, टेकापो ४, क्वीन्सटाऊन ६, टे आनाऊ ५, शेवटी पुन्हा ऑकलंड ४. एकूण ४१. एका दिवसाचं सगळ्यात लांब अंतर टेकापो ते क्वीन्सटाऊन, सुमारे २५५ किलोमीटर. रोटोरुआला पहिली गाडी परत केली आणि वेलिंग्टनला विमानाने गेले, कारण ते साडेचारशे किलोमीटर चालवण्यात काही मिळणार नव्हतं. वेलिंग्टन ते पिक्टन, म्हणजे उत्तर बेटावरून दक्षिण बेटावर जाण्याचा सामुद्रधुनीचा साडेतीन तासांचा प्रवास बोटीने, पायी प्रवासी म्हणून. पिक्टनला दुसरी गाडी. गाडी बोटीवर चढवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, आणि भाड्याच्या काही कंपन्या गाडी बेटाबाहेर नेऊही देत नाहीत. प्रत्येक मुक्कामी स्वयंपाकघर आणि कपडे धुण्याचं मशीन. यामुळे कपडे आठ दिवसांचेच लागले.

गाडी डाव्या बाजूने चालते, हे आपल्याला सोयीचं. परवाना इंग्रजीत असला पाहिजे. पंचवीस वर्षं जुना पुस्तकी परवाना असेल तर आधी कार्ड करून घ्यावं. भाड्याच्या करारात तीन गोष्टी पाहाव्यात: चालकाच्या वयाची वरची मर्यादा, अपघात झाल्यास आपल्या खिशातून जाणारी रक्कम, आणि खडीचे रस्ते विम्यात आहेत का. लांबच्या विमानप्रवासानंतर पहिल्या दिवशी गाडी घेऊच नये. साडेसात तास मागे राहिलेल्या शरीराला भर दिवसा झोप येते, आणि ती गाडी चालवताना येते.

नागपूरकराला दोन ठिकाणी खरंच शिकावं लागतं. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, म्हणजे प्रत्यक्ष थांबायचं. आपल्याकडे नाक घालणारा आधी जातो. तिथे नाक घातलं की अपघात. दुसरं, दक्षिण बेटावरचे एकेरी पूल. लाल किनारीची गोल पाटी दिसली तर थांबून समोरच्याला येऊ द्यायचं. निळी चौकोनी पाटी आणि तिच्यावर मोठा पांढरा बाण दिसला तर हक्क आपला, तरी पुढे बघूनच जायचं.

टे आनाऊ ते मिलफर्ड साउंड, ही डोंगरांत शिरलेली समुद्राची खाडी, ११८ किलोमीटर. वाटेत पेट्रोल नाही, दरडी आणि हिमस्खलनाचा पट्टा, एक अरुंद बोगदा. मिलफर्डला वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, नागपूरच्या पाचपटीहून अधिक. दोघांनी हा दिवस बसने केला आणि तेच बरोबर होतं: एरवी गाडी चालवणाऱ्या नवऱ्यालाही डोंगर बघायला मिळाले. टे आनाऊचे पाच दिवस याचसाठी, एखादा दिवस कोसळला तर दुसरा हाताशी असतो. तिथल्या चावऱ्या बारीक माश्यांसाठी अंगाला लावायचं औषध मात्र क्राइस्टचर्चलाच घ्यावं.

कायकोराचे पाच दिवस जास्त झाले. व्हेल बघायची बोट वाऱ्यामुळे रद्द होऊ शकते म्हणून दोन दिवस राखीव ठेवले होते. बोट पहिल्याच दिवशी गेली. तीन रात्री पुरल्या असत्या.

२५ डिसेंबरला कायद्यानेच बहुतेक दुकानं बंद असतात. सुपरमार्केटही. २४ तारखेला दूध, पाव, भाजी भरून ठेवली होती.

मागे राहिलेलं घर

कुलर. नागपुरात नोव्हेंबरातही कितीतरी कुलर तळाशी चार बोटं पाणी घेऊन उभे असतात, आणि डेंग्यूचा डास त्यातच वाढतो. टाकी उपसून, पुसून, ताट्या काढून ठेवाव्यात. गच्चीवरच्या कुंड्यांखालच्या बशा उलट्या कराव्यात.

गॅसचा रेग्युलेटर बंद करून सिलिंडरवरून काढावा आणि टोपण लावावं. फ्रिज रिकामा, बंद, दार दोन बोटं उघडं, नाहीतर बुरशी धरते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरून, पूर्ण चार्ज करून मग बंद करावी. चारचाकीच्या बॅटरीची निगेटिव्ह तार सोडावी. पाण्याच्या टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद.

न्हाणीघराच्या जाळ्यांकडे कुणाचं लक्ष जात नाही. जाळीखालच्या वाकड्या नळीत साचलेलं पाणी गटाराची हवा अडवतं. सहा आठवड्यांत ते सुकतं आणि झुरळं, वास, दोन्ही वर येतात. प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतून वर दोन चमचे गोडेतेल टाकलं की पाणी उडत नाही. याच घरात तीन जाळ्यांत टाकलं, वापरात नसलेल्या वरच्या न्हाणीघरात राहिलं. परत आल्यावर वास तिथूनच येत होता.

किल्ली शेजारच्या काकूंकडे, दूध आणि पेपर बंद, दागिने लॉकरला. अंगावर नेण्याच्या मंगळसूत्राची आणि बांगड्यांची कस्टमकडून जाताना नोंद करून घ्यावी, परतताना सोन्याच्या शुल्काचा प्रश्न उरत नाही. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर फोटो न टाकण्याचं दोघांनी पाळलं. पंचेचाळीस दिवस कुलूप असलेल्या घराची जाहिरात करू नये.

२८ डिसेंबरला परतल्यावर आरओची टाकी तीनदा भरून ओतली, मगच पाणी प्यायलं. इन्सुलिनचे तीन पेन न उघडता परत आले. फ्रिजमधून बाहेर किती दिवस होते याची नोंद ठेवलेली नव्हती, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून ते तिन्ही टाकून दिले.